आयबॅन देणाऱ्याचं नाव विचार

दादर,
१८ जानेवारी २०२६

चि. ओंकार,


"बाबा, तुमचा आयबॅन पाठवा" असा तुझा मेसेज आला आणि आमचा दादा पासबुक घेऊन परळच्या शाखेत जाऊन आला. काउंटरवरून त्याला आयएफएससी लिहून मिळाला, तोच त्याने तुला आयबॅन म्हणून धाडलाय. तो आयबॅनच्या रकान्यात घालू नकोस. आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, आपल्याकडे तो नसतोच. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातही नाही. तुझं ॲप आयबॅनवाचून पुढे सरकत नसेल तर तू युरोपातल्या युरोपात पैसे पाठवायच्या फॉर्मवर आहेस. परदेशी पाठवायचा फॉर्म निराळा असतो. आणि कुठल्या साइटने भारतीय खात्याचा आयबॅन बनवून दिलाच, तर तो खोटा समज.

दादासाठी लागतं ते एवढंच: पासबुकावर छापलंय तसं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि बँकेचा स्विफ्ट कोड. छोट्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड बहुधा नसतो, मुख्य कचेरीचा चालतो. आयएफएससी ११ अक्षरांचा आणि स्विफ्ट कोडही ८ किंवा ११ अक्षरांचा, त्यामुळे भलेभले गोंधळतात. पाचवं अक्षर बघ. आयएफएससीत तिथे शून्य असतं. स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं मिळून देश कळतो, आपला असेल तर 'आय एन'.

आता खरं सांगायचंय ते तुझ्या म्युनिकच्या खोलीच्या डिपॉझिटचं. घरमालकाने आयबॅन पाठवला, तू तो तपासलास, ॲपने हिरवी खूण दिली, म्हणून तू निर्धास्त आहेस. ती खूण कशाची ते समजून घे. जर्मनीचा आयबॅन २२ अक्षरांचा. आधी 'डी ई' हा देश, मग दोन तपासणीचे आकडे, मग ८ आकडी बँक आणि १० आकडी खातं. ॲप पहिली चार अक्षरं उचलून शेवटी नेतं, अक्षरांचे आकडे करतं (डी म्हणजे १३, ई म्हणजे १४) आणि सगळ्याला ९७ ने भागतं. बाकी १ उरली की हिरवी खूण. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर ते तिथेच सापडतं. हिशेब मोठा सुरेख आहे, बँकेत फॉरेक्सच्या टेबलावर असताना मी तो कागदावर करून बघायची. पण भामट्याच्या आयबॅनलाही भागलं की बाकी १ च उरते!

आमचे अप्पा लालबागहून राजापूरला मनीऑर्डर करायचे तेव्हा पैसे नावावर जायचे. पोस्टमन आजीला ओळखायचा, तिचा अंगठा घ्यायचा आणि ती पोच इकडे यायची. आयबॅनवर पैसे आकड्यावर जातात. युरोपच्या कायद्यातही आयबॅन बरोबर असेल तर बँकेने आपलं काम केलं असंच धरतात; वर लिहिलेलं नाव कुणाचंही असो. आता ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे सोडण्याआधी नाव जुळतं का ते सांगावं लागतं, तेही फुकट. 'जुळत नाही' आलं आणि घरमालक म्हणाला, "बायकोचं खातं आहे, पाठवा," तर पाठवू नकोस. भाडेकरारावर जे नाव, तेच खात्यावर हवं. "आमचा आयबॅन बदलला" अशी ईमेल आली तर त्या ईमेलला उत्तर न देता, करारावरच्या नंबरवर फोन कर. खोली न बघता, किल्ली हातात न घेता डिपॉझिट तर देऊच नकोस. मग आयबॅन कितीही शुद्ध असो.

खोली म्युनिकला आणि आयबॅन 'डी ई' नसून दुसऱ्याच देशाचा, एवढ्यावरून मात्र कुणाला चोर ठरवू नकोस. तुझंच वाइझ ॲपमधलं खातं 'बी ई' ने, म्हणजे बेल्जियमने सुरू होतं. उद्या पार्टटाइम नोकरीवाले म्हणाले की पगाराला जर्मन आयबॅनच हवा, तर नम्रपणे सांग की युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाचा आयबॅन नाकारता येत नाही. नियम तुझ्या बाजूने आहे. भांडू नकोस, पण दबूही नकोस.

दादाला पहिल्या खेपेला ५० युरोच पाठव. वाटेत मधल्या बँकांनी काही कापलं तर तेवढ्यात कळेल. पासबुकात एंट्री पडली की मी कळवते, मग बाकीचे. कारणाच्या रकान्यात 'कुटुंबाचा खर्च' लिही, नाहीतर शाखेतून चौकशीचा फोन येतो आणि दादाची झोप उडते. तुझं इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करायचं राहिलंय. फॉर्म आणून ठेवलाय, कुठे सह्या करायच्या तिथे पेन्सिलने फुल्या मारून स्कॅन पाठवते.

तुझी,
आत्या