फॉस्टर मुलाच्या खोट्या आरोपाची भरपाई पालकांना द्यावी लागते का?

समजा, तुमच्याकडे फॉस्टर केअरमध्ये राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, की क्लासच्या सरांनी फीचे पैसे खाल्ले. ते खोटं निघालं. आठवड्याभरात तुमच्या नावाने वकिलाची नोटीस आली : पाच लाख रुपये भरपाई द्या. अशा वेळी घाबरून पैसे मोजण्याआधी, कोणता खर्च तुमचा आणि कोणता नाही, हे समजून घ्या.

भरपाईचा दावा

मुलाच्या चुकीची भरपाई केवळ पालक आहात म्हणून तुमच्याकडून वसूल होत नाही. जन्मदात्यांनाही हाच नियम आहे. तुम्ही मुलाला तसं बोलायला लावलं, साथ दिली किंवा तुमच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, तरच जबाबदारी तुमच्यावर येते. तोच मजकूर तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर पुढे पाठवलात, तर त्याला तुम्ही स्वतः उत्तरदायी.

मुलावर दावा झालाच, तर न्यायालय त्याच्या वतीने बाजू मांडायला दाव्यापुरता पालक नेमतं. तुमच्या संमतीशिवाय हे काम तुमच्यावर टाकता येत नाही. अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची मुदत एक वर्षाची आहे. ती मजकूर टाकल्यापासून मोजतात, म्हणून तो कधी टाकला ती तारीख तपासा.

फौजदारी तक्रार

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीला जास्तीत जास्त दोन वर्षांची साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण मात्र बाल न्याय मंडळाकडे जातं आणि तिथे हा किरकोळ अपराध ठरतो. मंडळ समज देतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १८ नुसार दंड मुलाला किंवा पालकांना भरायला सांगता येतो. मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे, त्यालाही मंडळ पालक मानू शकतं. म्हणजे तुमच्या खिशाला हात लागू शकतो, तो इथे. चांगल्या वर्तनासाठी तीन वर्षांपर्यंतचं बंधपत्रही तुमच्याकडून घेतलं जाऊ शकतं.

आरोप लैंगिक छळाचा असेल तर

तो खरा की खोटा, हे तुम्ही ठरवू नका. पोलिसांना कळवा. पॉक्सो कायद्यात न कळवणं हा गुन्हा आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. पुढे तक्रार खोटी निघाली, तरी कलम २२ नुसार मुलाला त्याबद्दल शिक्षा होत नाही. नोटिशीच्या भीतीने मुलाला गप्प बसवणं ही सर्वांत मोठी चूक ठरेल.

खर्चाचा हिशेब

- मुलाचा वकील : मोफत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार बालकांना आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे फॉस्टर आईलाही वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००.
- न्यायालय शुल्क : दावा लावणारा भरतो.
- नोटिशीला उत्तर : खासगी वकील केलात, तर फी आधी लेखी ठरवा.
- मिशन वात्सल्य योजनेतून मिळणारे दरमहा ४,००० रुपये : हे मुलाच्या संगोपनासाठी आहेत. भरपाईच्या मागणीसाठी त्यांना हात लावू नका.

नोटीस आली त्याच दिवशी

१. मूळ मजकुराचे स्क्रीनशॉट ठेवा, मगच तो काढायला लावा.

२. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

३. रोख देऊन तडजोड करू नका, कबुली लिहून देऊ नका. चूक पटली असेल, तर माफीचा मसुदाही वकिलाला दाखवून मगच द्या.

४. मुलाचं नाव, फोटो, शाळा कुणालाही जाहीर करू नका. ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

५. मुलीशी बोला. एक घर गमावून आलेल्या मुलीला पहिली धास्ती असते ती परत पाठवलं जाण्याची. तिला कुठे ठेवायचं हे बालकल्याण समिती ठरवते, सरांचा वकील नाही. हे तिला तुमच्याच तोंडून कळू द्या. मगच विचारा, ‘असं का लिहावंसं वाटलं तुला?’