वावरात विमान उतरले तर

घाटंजीला धावपट्टी नाही. जवळची म्हणजे यवतमाळच्या भारीची. पण इंजिनाने दगा दिला की वैमानिक समोर दिसेल ते मोकळे वावर धरतो. 25 जुलै 2022 रोजी बारामतीहून सरावाला निघालेले दोन आसनी सेसना-152 इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात असेच कोसळले. शिकाऊ वैमानिक तरुणी जखमी झाली, पण वाचली. अमरावतीच्या बेलोऱ्यालाही एअर इंडियाची वैमानिक शाळा होणार, असे 2024 मध्ये जाहीर झाले. म्हणून एवढे ठाऊक असू द्या.

काय करावे

• विमान डगमगत खाली येताना दिसले तर त्याच्या वाटेतून आडवे पळा. 28 जून 2018 रोजी घाटकोपरला पडलेल्या लहान विमानात आतले चौघे गेलेच, रस्त्याने चाललेला एक पादचारीही गेला.

• 112 आणि 108 ला फोन करा. शिवार कोणते, कोणत्या पांदणीने गाडी येईल, हे नीट सांगा आणि एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करा. पावसाळ्यात काळ्या मातीत रुग्णवाहिका फसते. ट्रॅक्टर तयार ठेवा.

• वीजतारा तुटून पडल्या असतील तर आधी महावितरणला 1912 वर कळवा. प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांबच थांबा.

• वारा पाठीवर घेऊन, शेपटीच्या बाजूने जा. आग लागली असेल आणि हात पोचत असेल तर पट्टा कापून माणूस बाहेर काढा. आग नसेल तर त्याची मान हलू देऊ नका, बोलत राहा, रुग्णवाहिकेची वाट पाहा. आपल्याकडे चार जण चार बाजूंनी उचलतात, तिथेच घात होतो.

काय टाळावे

• बिडी-काडी. सेसना-152 च्या पंखांतल्या टाक्यांत शंभरेक लिटर पेट्रोल मावते.

• पुढच्या पात्याला हात लावणे. थांबलेले पातेही धक्क्याने फिरू शकते.

• पत्रा कापणे. सिरस जातीच्या विमानात हवाई छत्री रॉकेटने उडते. ते न उडालेले रॉकेट आत असू शकते.

• विमान ओढून धुऱ्यावर नेणे, सुटा भाग घरी नेणे. माणसे काढण्यासाठी किंवा आग रोखण्यासाठी लागेल तेवढेच हलवावे, असा नियम आहे. पाती कशी वाकली यावरून विमान आदळताना इंजिन चालू होते का, याचा अंदाज तपासणाऱ्यांना येतो. म्हणून जमिनीवरचे चरेही बुजवू नका.

• जखमीचे तोंड दाखवणारी चित्रफीत गटागटांत फिरवणे. लांबून काढलेली चित्रफीत मात्र पोलिसांना द्या, उपयोगी पडते.



पऱ्हाटी तुडवली गेली असेल तर तारखेसह फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. भरपाई मागताना तोच कागद लागेल.