चांदीच्या रुपयावरचा काळा डाग

चांदी हा मौल्यवान धातू आहे. पूर्वी आपल्या देशात रुपयासुद्धा चांदीचा होता. त्यावर इंग्लंडच्या राणीचे चित्र असे, म्हणून त्याला राणीछाप रुपया म्हणतात. अजून पुष्कळ घरी असे रुपये ट्रंकेत किंवा गाडग्यात ठेवलेले असतात. लक्ष्मीपूजनाला ते बाहेर निघतात, तेव्हा काळेठिक्कर पडलेले दिसतात. मग घरात कुणीतरी म्हणते, "राखेनं घासून आण." पण मित्रांनो, घासायच्या आधी हा लेख वाचा.

चांदी काळी का पडते?

चांदी लोखंडासारखी गंजत नाही. पण हवेत गंधक असलेला वायू थोडासा असतो. तो लागला की चांदीवर थर बसतो. थर आधी पिवळट दिसतो, मग तपकिरी, मग काळा. अंडी, कांदा, लोकर आणि रबर यांच्यातही गंधक असते.

आमच्या बाईंनी एक प्रयोग करून दाखवला. तुटलेल्या पैंजणाचे दोन तुकडे घेतले. एक तुकडा उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात बंद केला. दुसरा कागदात गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी अंड्याजवळचा तुकडा तपकिरी-काळा झाला होता. कागदातला होता तसाच पांढरा राहिला.

डाग पडला म्हणून किंमत जाते का?

नाही. हा थर केसापेक्षाही पातळ असतो. खालची चांदी तशीच असते. राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. त्यात १२ भागांपैकी ११ भाग चांदी आणि १ भाग तांबे असते. असे १२ रुपये घेतले तर वजन सुमारे १४० ग्रॅम भरते आणि त्यात चांदी सुमारे १२८ ग्रॅम निघते. मग ते काळे असोत की पांढरे.

हे सांगायचे कारण असे, की बी-बियाणाला किंवा दवाखान्याला पैसे लागले की माणसे हे रुपये मोडतात. तेव्हा घेणारा कधी कधी म्हणतो, "काळे पडलेत, घट धरावी लागेल." तांब्याची घट धरली तर बरोबर आहे. काळ्या रंगाची घट धरणे बरोबर नाही. आमची आजी दागिन्याला डाग म्हणते. ती म्हणते, "डाग मोडायचा तर डोळ्यासमोर वजन करून मोडावा."

सगळे रुपये मात्र सारखे नसतात. १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयात निम्मीच चांदी आहे. १९४७ चा रुपया निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही. म्हणून आधी साल वाचावे.

घासल्याने काय होते?

काळ्या थरातही चांदी असते. राखेने घासले की ती निघून जाते आणि नाण्यावर ओरखडे पडतात. अक्षरे आणि चित्र झिजते. जुनी नाणी जमवणारे लोक न घासलेले नाणे पसंत करतात आणि काही सालांच्या नाण्याला चांदीपेक्षा जास्त पैसे देतात. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर लहानसा हत्ती होता. तो लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून सरकारने ते रुपये परत घेतले आणि पुढच्या रुपयांवर हत्ती सुधारला. असा रुपया कुणाच्या घरी निघाला आणि आपण तो हत्तीच घासून टाकला, तर ओळखणार कसा?

लक्षात ठेवा

१. जुने नाणे राख, रांगोळी, चिंच किंवा दंतमंजनाने घासू नये.
२. फार मळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून काढावे आणि मऊ फडक्याने टिपावे.
३. नाण्याला रबर लावू नये. लोकरीत ठेवू नये. कोरड्या जागी ठेवावे.
४. नाणे कडेला धरावे. बोटाच्या घामानेही डाग पडतो.
५. मोडण्याआधी साल वाचावे, वजन करावे आणि त्या दिवशीचा भाव विचारावा.

पूजेसाठी सोनाराकडून घेतलेले लक्ष्मीचे नवे नाणे हलक्या हाताने पुसले तरी चालते. पण आजोबा-पणजोबांचा रुपया काळा असला तरी त्याला काळाच राहू द्या. आज घरी गेल्यावर आपल्या रुपयावरचे साल वाचून पाहा आणि मोठ्या माणसांनाही हे सांगा.

— इयत्ता ४ थी