कळफलकाचा रोख

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की शाळेतील संगणकाभोवती मुलांची व पालकांची दाटी होते. अशाच एका संध्याकाळी मन्नाएखेळ्ळीच्या एका मुलीचा अर्ज आम्ही भरून दिला. जिल्ह्यांच्या यादीतून 'बीदर' निवडले, पान थोडे खाली सरकावे म्हणून खालच्या बाणाची कळ एकदा दाबली, उरलेली माहिती भरली आणि अर्ज पाठवून दिला. पंधरा दिवसांनी मुलीचे वडील छापील पावती घेऊन आले. म्हणाले, "सर, आपलं गाव चामराजनगरात कधी गेलं?"

बीदर कर्नाटकाच्या उत्तर टोकाला, चामराजनगर दक्षिण टोकाला. परंतु इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत बीदरच्या लगेच खाली चामराजनगरच येतो. आम्ही दाबलेल्या एका कळेने त्या मुलीस सारे राज्य ओलांडून पलीकडे नेऊन ठेवले होते! दुरुस्तीपायी त्या गृहस्थांच्या दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी पडले. मुदत संपण्यास चार दिवस उरले असता काम झाले, म्हणून शिष्यवृत्ती वाचली. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून हा पाठ आम्ही वर्गात आधी शिकवतो, आणि तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पडद्यावर एका वेळी अनेक गोष्टी दिसतात: लिहिण्याच्या चौकटी, याद्या, बटने. पण कळ दाबली की ती त्यांपैकी एकीलाच ऐकू जाते. त्या जागेस इंग्रजीत 'फोकस' म्हणतात. आम्ही वर्गात 'रोख' म्हणतो. पैशाचा नव्हे, बोलण्याचा. रोख लिहिण्याच्या चौकटीत असेल तर तेथे उभी रेघ लुकलुकते. बटनावर असेल तर त्याभोवती ठिपक्यांची किंवा रंगीत कड दिसते. त्या संध्याकाळी आमची नजर पानाच्या तळाकडे गेली होती, परंतु रोख यादीवरच राहिला होता. म्हणून पान न सरकता जिल्हा सरकला. माऊसचे चाक फिरवले असते तरी पुष्कळ प्रोग्रॅममध्ये हेच झाले असते. यावर उपाय सोपा आहे. यादीतून निवड झाली की टॅबची कळ दाबून यादीतून बाहेर पडावे, मग पुढचे काय ते करावे. तसेच यादीवर रोख असता बी, आय, डी ही अक्षरे भराभर टंकली तर बहुधा थेट बीदरच सापडते. उगाच बागलकोटपासून खाली उतरत येण्याचे कारण नाही.

टॅबचे काम समजावण्यासाठी आम्ही आपल्या हमरस्त्यावरील बसचा दाखला देतो. सोलापूरहून निघालेली बस उमरगा, हुमनाबाद, मन्नाएखेळ्ळी, जहीराबाद असे थांबे घेत हैदराबादेस जाते. टॅब दाबली की रोख असाच एकेका थांब्याने पुढे जातो. शिफ्ट धरून टॅब दाबली तर ती परतीची बस. आता बस गावात शिरली तरी गल्लोगल्ली थांबत नाही, स्टँडवर एकदाच थांबते. 'मुलगा की मुलगी' यांसारख्या गोल खुणांच्या संचाचे तसेच आहे. टॅबला तो संच एकच थांबा. आत फिरायचे ते बाणांच्या कळांनी, आणि बाण जेथे नेईल तीच निवड पक्की होते. चौकोनी खूण मात्र स्पेस बारने लावावी वा काढावी. ज्याला मधले थांबे नकोत त्याने ऑल्ट धरावी. बटनांच्या व मेनूच्या नावांत एकेक अक्षर अधोरेखित दिसते. ते दाबले की थेट मुक्काम. (नव्या विंडोजमध्ये या रेघा बहुधा ऑल्ट दाबेपर्यंत लपलेल्या असतात, हे लपवणे आम्हांस कधीच रुचले नाही.)

एन्टरच्या कळेला मात्र जपावे. पुष्कळ चौकटींत एक बटन ठळक कडेचे असते. आपण नाव लिहीत असताना एन्टर दाबली तर ती त्या बटनाला लागते, आणि अर्धाच भरलेला अर्ज निघून जातो. शंका आली तर एस्केप दाबावी. ती बहुधा काही न करता मागे आणते.

हे संकेत सर्वत्र सारखे कसे, असे मुले विचारतात. पूर्वी ते तसे नव्हते. वर्डस्टारमध्ये वर, खाली, डावीकडे व उजवीकडे जाण्यास कंट्रोल धरून ई, एक्स, एस व डी दाबावे लागे. वर्डपरफेक्टमध्ये मदतीस एफ-३ होती, तर एफ-१ दाबल्यास चालू काम रद्द होई. एक प्रोग्रॅम शिकलेला माणूस दुसऱ्यापुढे अडाणीच. १९८७ साली आय.बी.एम. कंपनीने 'कॉमन यूझर ॲक्सेस' नावाची नियमावली काढली. एफ-१ म्हणजे मदत, टॅब म्हणजे पुढची जागा, एफ-१० म्हणजे मेनू, असे त्यात ठरले. विंडोजने त्यातील बरेच उचलले.

ज्यांना दिसते त्यांच्यासाठी ही सोय आहे. ज्यांना दिसत नाही त्यांचे सारे काम हिच्यावरच चालते. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली 'एन.व्ही.डी.ए.' हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहावयास घेतला. तो विनामूल्य मिळतो. रोख जेथे जाईल तेथील मजकूर तो मोठ्याने वाचतो. म्हणूनच एखाद्या बटनापर्यंत टॅब पोहोचतच नसेल, तर अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते बटन तेथे नाहीच. आणि ते अर्ज पाठवण्याचे बटन असेल तर त्याचा अर्जही नाही. प्रोग्रॅम करणाऱ्यास हे करावयास फार कष्ट पडतात असेही नाही. त्याने स्वतःचा माऊस तासभर बाजूला ठेवला तरी कोठे अडते ते त्यास कळेल.

वर्गात आम्ही आठवड्यातून एक तास तेच करतो. माऊसच्या तारा काढून कपाटात ठेवतो आणि मुलांना एक पत्र लिहावयास, साठवावयास व छापावयास सांगतो. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांचे हात सवयीने रिकाम्या जागेकडे जातात. तिसऱ्या आठवड्यात कपाट उघडण्याची आठवण कोणी करीत नाही. गेल्या हंगामात ती चामराजनगरची मुलगी स्वतःचा अर्ज स्वतः भरीत होती. जिल्हा निवडून तिने टॅब दाबली, शिफ्ट-टॅबने पुन्हा मागे येऊन 'बीदर' वाचले, आणि मग आमच्याकडे न पाहताच पुढे गेली.