शंका-समाधान : पुराची तयारी

प्रश्न : सांगलीत नदीलगतच्या गल्लीत आमचं एकमजली घर आहे. सासूबाई इन्सुलिनवर आहेत. पंधरा दिवसांचा तांदूळ, डाळ आणि गॅसची जादा टाकी भरून ठेवली आहे. आणखी काय हवं?

उत्तर : ताई, तुम्हाला साठा नको, पिशवी हवी. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. एवढ्या पाण्यात तुमचा तांदळाचा डबा कोणत्या फळीवर ठेवणार? बैठ्या घरातल्यांनी ४० फुटांची बातमी आली की निघायचं. ‘मागच्या वेळी उंबऱ्यापर्यंतच आलं होतं’ या हिशेबावर थांबू नका.

पिशवीत पहिलं इन्सुलिन. वापरात असलेली बाटली फ्रिजबाहेर साधारण महिनाभर चालते, नेमकी मुदत आतल्या कागदावर असते. न उघडलेल्या बाटल्या गारव्यात हव्यात, पण थेट बर्फात नकोत. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. बाटल्या घट्ट डब्यात घालून डबा ओल्या फडक्यात गुंडाळा. पावसाळी दमट हवेत याने फार गार होत नाही, तरी शेगडीपासून आणि उन्हापासून लांब ठेवलं तर वेळ निभते. सोबत सुया, साखर तपासायच्या पट्ट्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि साखर अचानक उतरली तर ग्लुकोजचा पुडा. रेशनकार्ड, आधार, घराची कागदं प्लॅस्टिकमध्ये. त्यांचे फोटो परगावच्या नातेवाइकाला आजच पाठवा. खायला भडंग नको, तहान लागते. फुटाणे-गूळ घ्या.

निघताना मेन स्विच बंद करा. गॅसचा रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावा, कारण टाकी तरंगत जाते. गोठ्यात जनावर असेल आणि सोबत नेता येत नसेल, तर निदान दावं सोडा.

प्रश्न : चिपळूणला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरी चौघं. तुरटी फिरवलेलं पाणी प्यायला चालेल का?

उत्तर : नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. वरचं निवळ पाणी दुहेरी फडक्यातून गाळा आणि खळखळून उकळी आली की मिनिटभर तसंच उकळू द्या. गॅस वाचवायचा असेल तर मेडिक्लोरचे थेंब. प्रमाण बाटलीवर असतं, टाकल्यावर अर्धा तास थांबा.

माणशी दिवसाला तीन लिटर धरा. म्हणजे तीन दिवसांना ३६ लिटर, वीस लिटरचे दोन कॅन. पावसाचा जोर दिसला की भरा, वीज गेल्यावर पंप चालणार नाही. २२ जुलै २०२१ ला वरच्या मजल्यांवरची माणसंही अडकली होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. खिचडीच्या बेतात पाणी आणि गॅस दोन्ही जातं. पोहे भिजवले की झाले.

पूर ओसरल्यावर मात्र घाई नको. तळमजल्याच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल, तर ती उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय पंप चालू करू देऊ नका, सोसायटीत कोणी कितीही आरडाओरडा केला तरी.