'ह्वा': एका अक्षराची ओळख

चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. तिच्यातील प्रत्येक अक्षराला स्वतःचा उच्चार असतो आणि बहुधा स्वतःचा अर्थही असतो. 'ह्वा' हे असेच एक अक्षर होय.

प्राचीन काळी हे अक्षर बहरलेल्या झाडाच्या चित्रावरून घडले. म्हणून त्याचा मूळ अर्थ 'फूल'. फुलावरून शोभा व वैभव हे अर्थ आले आणि पुढे चिनी लोक आपल्या देशालाही 'ह्वा' म्हणू लागले. फुलासाठी मग निराळे अक्षर रूढ झाले.

१९५६ साली चीनमध्ये अनेक अक्षरे सोपी करण्यात आली. तेव्हापासून तेथे 'ह्वा' सहा रेघांत लिहितात. वरच्या भागाचा अर्थ 'बदलणे'. खालचा भाग अधिक चिन्हासारखा, त्याचा अर्थ 'दहा'. परंतु या दोहोंची बेरीज करून 'ह्वा'चा अर्थ लागत नाही. वरचा भाग केवळ उच्चार सुचवितो. अर्थ कळतो तो शेजारच्या अक्षरावरून. 'ह्वायू' म्हणजे चिनी भाषा. 'ह्वाली' म्हणजे मात्र शोभिवंत. येथे स्वर चढता ठेवावा लागतो. तो उतरता केला, तर 'ह्वा' हे एका पर्वताचे नाव होते.

या अक्षराचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. १९३८ साली, जपानशी चाललेल्या युद्धात चीनच्या साहाय्यासाठी भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी 'ह्वा' हे अक्षर जोडण्यात आले. कोटणीस 'ख दीह्वा' झाले. त्यांनी चिनी भाषा कष्टाने आत्मसात केली. ते जखमी सैनिकांशी त्यांच्याच भाषेत बोलत व विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवीत.

१९४२ साली त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव 'यिनह्वा' ठेवले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉ. कोटणीस चीनमध्येच निवर्तले.

कोशात 'ह्वा'चे अनेक अर्थ सापडतात. त्यांतला कोणता घ्यावयाचा, हे त्याची संगत सांगते. कोटणिसांच्या मुलाच्या नावात ती संगत भारताची आहे.

स्वाध्याय
१. 'ह्वा'चा अर्थ फुलापासून देशापर्यंत कसा पोहोचला?
२. संगतीने अर्थ बदलणारे तीन मराठी शब्द वाक्यांत योजा.