पिशवीबरोबर आणखी काय काढणार?

आमच्या कोल्हापुरात चाळिशीनंतर बाईची पाळी बिघडली की दवाखान्याआधी गल्लीच निदान करते. अंगावरून जास्त जातंय एवढं म्हणायचा अवकाश, समोरची म्हणते, "पिशवी काढून टाक की, आता काय करायचंय ठेवून?" सांगणारी मनानं वाईट नसते. तिची स्वतःची काढलेली असते, जावेची काढलेली असते, बहिणीची काढलेली असते. सगळ्या चालत्याबोलत्या आहेत, जोतिबाच्या पायऱ्या चढतात. त्यामुळं गर्भपिशवी काढणं आपल्याकडं दाढ काढण्याइतकं साधं होऊन बसलंय.

माझी काढली तेव्हा मी ४२ वर्षांची होते. करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. पाळी दहा-दहा दिवस चालायची, गाठी पडायच्या, शाळेच्या पिशवीत पुस्तकांखाली एक जादा साडी कायम असायची. हिमोग्लोबिन ८ वर आलेलं. सोनोग्राफीत तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "मुलं झालीत, वय झालंय, सगळं एकदाच स्वच्छ करून टाकू. पुढं कॅन्सरची भीती नको." कॅन्सर म्हटल्यावर घरातली चर्चा तिथंच संपली. सासूबाई म्हणाल्या, "आगं, माझीबी काढलीया की. काय हुईत न्हाई." सगळं म्हणजे काय काय, हे मी विचारलं होतं. "पिशवी आणि बाजूचं," असं उत्तर मिळालं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं गेलं.

बाजूचं म्हणजे दोन्ही बीजकोश. काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्ट आला त्यात लिहिलं होतं, गाठ साधी, बीजकोश निरोगी. तो रिपोर्ट इंग्रजीत होता. ‘कॅन्सर नाही’ एवढंच आम्हाला सांगण्यात आलं आणि आम्ही अंबाबाईला जाऊन ओटी भरून आलो.

आठवडाभरातच वाफा सुरू झाल्या. छातीतून निघायच्या, मानेवरून कानशिलापर्यंत चढायच्या आणि मग घामानं ब्लाउज भिजायचा. डिसेंबरच्या थंडीत घरातले रजईत आणि मी पंख्याखाली. तांबड्या रश्श्याची वाटी पुढं आली की खायच्या आधीच कपाळ ओलं. हे सोसवलं असतं, पण फळ्यावर गणित मांडताना पुढची पायरी आठवेना, पहिलीपासून शिकवलेल्या पोरांची नावं तोंडात येईनात, तेव्हा मी घाबरले. झोप गेली. लघवीला वरचेवर जळजळ व्हायची आणि नवऱ्याजवळ जाणं दुखायला लागलं. ही शेवटची गोष्ट सांगायची सोय घरात नव्हती आणि दवाखान्यात पाठीमागं रांग उभी असायची.

छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, तो चांगला आला. झोपेसाठी गोळी, लघवीसाठी अँटिबायोटिक, गुडघ्यासाठी मलम. ज्यानं त्यानं आपापला अवयव बघितला. शेजारच्या काकूंनी शतावरी कल्प दिला, तो दुधातून घेतला. चव छान, घाम तसाच. (त्या कल्पात साखर बरीच असते. मधुमेह असेल तर डबा वाचूनच घ्यावा.)

शेवटी एका बाई डॉक्टरांनी माझं डिस्चार्ज कार्ड मागून घेतलं आणि दोन मिनिटांत सगळ्याचा उलगडा केला. इथं एक सांगावंसं वाटतं. बायकांनी बाईपाशी मोकळं बोलावं याची सोय या गावात फार जुनी आहे. शाहू महाराजांच्या काळातच डॉ. कृष्णाबाई केळवकर कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात बायकांवर उपचार करत होत्या. तरी आजही आपण दुखणं घेऊन जातो आणि अर्धंच सांगून परत येतो.

मला त्या बाई डॉक्टरांनी सांगितलं ते असं. पिशवी ही जागा आहे, हार्मोन तयार करणारे कारखाने म्हणजे बीजकोश. पिशवी काढली की पाळी थांबते, पण बीजकोश शाबूत असतील तर इस्ट्रोजेन येत राहतं. आपल्याकडं बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते आणि त्याआधीची काही वर्षं हे इस्ट्रोजेन खालीवर होत कमी होतं, शरीराला सवय करायला वेळ मिळतो. बीजकोश काढले की तो वेळच मिळत नाही. सकाळी ऑपरेशन, आणि त्याच आठवड्यात पाळी गेलेल्या बाईचं शरीर. हाडं, रक्तवाहिन्या, लघवीच्या मार्गाची त्वचा, झोप, मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र, सगळ्यांना इस्ट्रोजेन लागतं. म्हणून माझी पाच दुखणी ही पाच नव्हतीच.

कॅन्सरच्या भीतीनं निरोगी बीजकोश काढण्याचा हिशेबही तपासला गेलेला आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांची वर्षानुवर्षं पाहणी करणारा एक मोठा अभ्यास आहे. त्यातले २००९ साली आलेले निष्कर्ष असे, की पिशवीबरोबर बीजकोशही काढलेल्या बायकांमध्ये बीजकोशाचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी दिसला, पण हृदयविकार जास्त दिसला आणि एकूण मृत्यूही जास्त झाले. ज्या घरात आई-बहिणींना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झालाय, त्यांचा हिशेब वेगळा. बीजकोशातच गाठ असेल, एंडोमेट्रिओसिस फार पसरला असेल, पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील, तरीही वेगळा. बाकीच्या चाळिशीतल्या बाईचे निरोगी बीजकोश काढायला ‘आता पोट उघडलंच आहे तर’ एवढं कारण पुरत नाही.

आमच्या शाळेजवळ दर हंगामात ऊसतोड कामगारांच्या खोपी पडतात. बीड, जालन्याकडची माणसं. त्यांच्यातल्या एकीच्या मुलीला शाळेत बसवायला गेले होते. आई तिशीतली, दिसायला पन्नाशीची. मी घाम पुसत होते ते बघून म्हणाली, "बाई, तुमचीबी पिशवी काढली का? पाळीत कामावर नाही गेलं की खाडा पडतो, खाड्याचे पैसे मुकादम कापतो. म्हणून काढून टाकली. आता कंबर धरती." तिच्या टोळीत अशा आणखी होत्या. २०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. ज्या उसावर आपला जिल्हा उभा आहे, तो तोडणाऱ्या बायकांची ही गोष्ट आहे, आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

देशभराचं चित्रही बघा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पिशवी काढल्याबद्दल पहिल्यांदा विचारलं गेलं. १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या तिघींहून थोड्या जास्त बायकांची काढलेली होती, त्यांतल्या निम्म्या जणींची ३४ व्या वर्षापर्यंत, आणि तीनातली दोन ऑपरेशनं खासगी दवाखान्यात. निम्म्याहून जास्त जणींनी कारण सांगितलं ते जास्त रक्तस्रावाचं. गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशनांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा असं राज्यांना बजावलं. म्हणजे हे गल्लीतल्या बायकांचं रडगाणं नव्हे, देशाच्या कोर्टानं दखल घेतलेलं दुखणं आहे.

मग अंगावरून जास्त जात असेल तर बाईनं काय करावं? आधी रक्त तपासावं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. थायरॉइड बिघडलं तरी पाळी बिघडते आणि ते गोळीनं सुधारतं. कॉपर-टी बसवलेली असेल तर डॉक्टरांना आठवणीनं सांगावं, तिच्यामुळंही रक्तस्राव वाढतो. पंचेचाळिशी ओलांडली असेल आणि पाळी बेभरवशाची झाली असेल, तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा. कॅन्सरची शंका भीतीनं मिटत नाही, ती त्या तपासणीनं मिटते. त्यानंतर औषधं आहेत. ट्रानेक्झामिक अॅसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या असतात. हार्मोनच्या गोळ्या आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं ऑर्मेलॉक्सिफीन आहे, सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावानं कुटुंबनियोजनासाठी मिळतं तेच. हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू पिशवीत बसवता येते, तिनं रक्तस्राव खूप कमी होतो आणि ती काही वर्षं चालते. माझ्यासारखी लहान गाठ असेल तर पुष्कळदा यातल्या एखाद्या उपायावर पाळी जाईपर्यंतचा काळ निभावतो. एकदा पाळी गेली की गाठही सहसा आक्रसते.

आणि कधी कधी पिशवी काढावीच लागते. कॅन्सर, फार मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, सगळी औषधं करूनही न थांबणारं रक्त. तिथं घाबरून बसू नये. फक्त सही करण्याआधी दोनच गोष्टी सरळ विचाराव्यात. पिशवी का काढताय? आणि बीजकोश ठेवणार की नाही, नसाल तर का? उत्तर कागदावर लिहून मागावं. नवरा किंवा मुलगा सोबत असेल तर त्यालाही ऐकायला बसवावं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेते म्हटल्यावर जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडं ऑपरेशन करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांचे बीजकोश ४५ च्या आत गेलेत, त्यांनी हार्मोनच्या उपचाराबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं. आपल्याकडं त्याची फार धास्ती आहे आणि ती मुख्यतः २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीच्या बातमीनं बसली. पण त्या चाचणीतल्या बायका पन्नाशीच्या पुढच्या, सरासरीनं साठीच्या होत्या. चाळिशीत जे शरीरात असायलाच हवं ते भरून देणं ही वेगळी गोष्ट आहे आणि नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत ते घ्यावं असंच आता सांगितलं जातं. पिशवी नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालतं. पिशवी असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून मैत्रिणीची गोळी मैत्रिणीनं घेऊ नये. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, पायात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, तर अशांना हा उपचार बहुधा देत नाहीत, त्यांच्या वाफांसाठी बिनहार्मोनची औषधं आहेत. मला रक्तदाब बघून, मॅमोग्राफी करून त्वचेला लावायचं जेल दिलं. वाफा आधी कमी झाल्या, मग झोप आली. खालच्या कोरडेपणासाठी आणि लघवीच्या जळजळीसाठी वेगळं मलम मिळालं. हाडांची डेक्सा तपासणी केली, तीत हाडं विरळ व्हायला लागलेली दिसली.

हाडांचं औषधाइतकंच खाण्यातही आहे. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपल्या गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध ग्लासात मिळतं, ते प्यायला उभे असतात पैलवान आणि पोरं. त्या कट्ट्यावर बाई मी क्वचितच पाहिली. घरातही दूध आधी मुलाला, मग नवऱ्याला, उरलं तर चहात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तर आंबील नुसती उन्हाळ्यात कशाला, बारा महिने करा. रंकाळ्याला फेरी मारा, पण वजन उचलण्याचा व्यायामही हवा, नुसत्या चालण्यानं हाडं धरत नाहीत.

आणि ‘हार्मोन बॅलन्स’ करून देणाऱ्या पावडरी व महागड्या तपासण्यांच्या पॅकेजांपासून जरा लांब राहा. चाळिशीनंतर हार्मोन रोज बदलतात, आजचा आकडा उद्या खोटा ठरतो. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईचं निदान तिच्या तक्रारी ऐकूनच होतं. पाळी पूर्ण वर्षभर बंद राहिली आणि मग थेंबभर जरी रक्त दिसलं, तर मात्र त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

ज्यांची पिशवी आधीच काढलीय, त्यांनी आज कपाटातून डिस्चार्ज कार्ड काढा आणि ऑपरेशनच्या रकान्यात ‘बायलॅटरल सॅल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी’ किंवा त्याचं लघुरूप ‘बीएसओ’ आहे का ते मुलीला, सुनेला वाचायला सांगा. ते असेल तर तुमचे दोन्ही बीजकोश गेलेले आहेत आणि तुमच्या डॉक्टरांना हे माहीत असायला हवं. कार्ड सापडत नसेल तर दवाखान्यात लेखी अर्ज द्या. मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण ते जपून ठेवण्याची सक्ती तीनच वर्षांची आहे, तेव्हा उशीर करू नका.